माळेगांवची खंडोबाची यात्रा व तेथील रंगकला

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगतांना सांगलीस इ. स. १८४३ सालीं झालेल्या विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांतील शहाजी राजाच्या (कारकीर्द १६८४–१७१२) मराठी नाटकांच्या पोथ्यांनीं ही मर्यादा बरीच मागें नेली. दोन्ही ठिकाणीं राजाश्रय होता. परंतु जेथें आश्रयदाता समाजच आणि रंगस्थळ उघडें माळरान, तेथील कलेचा पुरावा कोठें पाहावा?

नांदेडहून लातुराकडे जाणाऱ्या मार्गावर, लोहा तालुक्यांत, माळेगांव येथें खंडोबाचें स्थान आहे. जेजुरीचा चंपाषष्ठीचा उत्सव मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा. माळेगांवची यात्रा मात्र वद्य चतुर्दशीस सुरू होते. दुसऱ्या दिवशींची अमावास्या ही लातूर-नांदेडकडील शेतकऱ्यांची वेळामावस्या. त्या दिवशीं कुटुंबें शेतांत जाऊन पूजा करितात व तेथेंच जेवतात. देवाचा उत्सव, रब्बीचें उभें पीक आणि जनावरांचा बाजार हीं तिन्ही अशा रीतीनें एका पर्वणींत येतात. घोडे, उंट व गाढवें यांच्या बाजारासाठीं दूरदूरचे लोक जमतात, आणि त्या गर्दीच्या आधारावर तमाशाचे फड उभे राहतात. राजाश्रयाची जागा येथें बाजारानें घेतली, असें तिथीवरून अनुमान निघतें.

दुसरा पुरावा प्रयोगांतच आहे. वाघ्या-मुरळी दिमडी व तुणतुण्याच्या साथीवर रात्रभर जागरण घालतात. तमाशांत ढोलकी येते, पण तुणतुणें कायम राहतें. जागरण देवाच्या आवाहनापासून आख्यानाकडे जातें, तर तमाशा गण-गौळणीपासून वगाकडे. एवढ्या साम्यावरून एकापासून दुसरें निघालें असें म्हणणें घाईचें होईल; मात्र दोन्ही शेजारीं पाहून तुलना करण्याची सोय येथें आहे.

मुरळी म्हणजे देवास वाहिलेली मुलगी. देवास मुली वाहण्याविरुद्ध मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं कायदा झाला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यानें तो येथें लागू नव्हता. पुढें २००५ सालीं महाराष्ट्रानें देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा केला. ही चाल नाहींशी झालीच पाहिजे. परंतु त्या स्त्रियांचीं गाणींही त्यांच्याबरोबर नाहींशीं होऊं देणें हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होय. अलीकडे नांदेड जिल्हा परिषद यात्रेंत लावणी महोत्सव भरवते. त्यानें लावणीस व्यासपीठ मिळतें, जागरणाच्या गाण्यांची नोंद होत नाहीं.

रा. चिं. ढेरे यांच्या 'खंडोबा' (१९६१) या ग्रंथानें व गुंथर सोन्थायमर यांच्या संशोधनानें मौखिक परंपरेचें प्रामाण्य दाखवून दिलें आहे. म्हणून संग्राहकांस विनंती कीं, फडकऱ्यांचीं लावण्यांचीं बाडें त्यांनीं पोथ्यांच्याच आस्थेनें मिळवावींत. गाणें उतरून घेतांना स्थळ, तिथि व साथीचीं वाद्यें टिपावींत, आणि गाणारीची संमति असल्यास तिचें नांवही लिहावें. पोथीच्या लेखकाचें नांव आपण समाप्तिलेखांत शोधतों. तोच मान या स्त्रियांसही मिळावयास हवा.