इंग्रजीतील दुहेरी तुलना : एका ‘चुकी’चा इतिहास

‘मोअर बेटर’ हा प्रयोग आज इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत निरपवादपणे चूक ठरतो. तथापि या चुकीचे वय फारसे नाही. प्राचीन इंग्रजीत तुलना मुख्यतः प्रत्ययाने दर्शविली जाई. मध्ययुगात ‘मोअर’ या स्वतंत्र शब्दाने केलेली तुलना रूढ झाली आणि दोन्ही पद्धती शेजारी नांदू लागल्या. त्या एकाच विशेषणावर योजण्यात लेखकांना काही गैर वाटत नसे. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी ब्रूटसच्या घावाचे वर्णन दुहेरी तमभावानेच करतो, आणि त्या शब्दांची धार त्यामुळेच वाढते.

रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात अशी रूपे अयोग्य ठरविली. ‘लेसर’ आणि ‘वर्सर’ यांनाही अपभ्रष्ट म्हटले. मात्र स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरात परमेश्वरास उद्देशून आलेल्या ‘मोस्ट हायेस्ट’ला त्यांनी विषयाच्या थोरवीमुळे औचित्य बहाल केले. पुढे बिशप झालेल्या या व्याकरणकाराची ही सवलत मौजेची खरी. परंतु नियमामागे केवळ तर्क नव्हता, हे तीतून उघड होते. पुढे ‘वर्सर’ प्रमाण लेखनातून हद्दपार झाले. ‘लेसर’ मात्र टिकले, आणि त्याखाली आज कोणी लाल रेघ ओढत नाही.