शिक्का, पाणी आणि गेट: मावळच्या निवडणुकांतला रोजगार

मावळ तालुक्याच्या निवडणुकांत ‘स्थानिकांना रोजगार’ हे आश्वासन सर्वच पक्षांच्या जाहीरनाम्यांत आणि भाषणांत सापडते. उद्योग यावेत की येऊ नयेत, यावर इथल्या प्रतिस्पर्धी उमेदवारांत फारसा मतभेद कधीच नव्हता. भांडण त्यापुढचे आहे. कारखान्यासाठी जमीन कोणाची जाणार, धरणाचे पाणी कोण नेणार आणि कंपनीच्या गेटमधून आत कोण शिरणार, या तीन प्रश्नांवर इथे पक्ष बदलले, माणसे बदलली आणि आमदारही पडले. या प्रश्नांची सुरुवात मतपेटीच्या फार आधी झालेली आहे.

अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तालुक्याची जुनी विभागणी. आंद्रा, इंद्रायणी आणि पवना या नद्यांची ही खोरी. भाताची शेती, मुसळधार पाऊस आणि पावसाळ्यानंतर हाताला काम नाही, अशी इथली मूळ अर्थव्यवस्था. १८५६ मध्ये बोरघाटात रेल्वेचे काम सुरू झाले आणि पहिल्यांदाच हजारो माणसांना एका ठिकाणी रोख मजुरी मिळू लागली. १८६१ च्या सुमारास घाटावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. लोणावळा हे गाव शहर झाले ते या रेल्वेमुळे. आज लोणावळ्याची ओळख असलेल्या चिक्कीचा उगमही रेल्वेच्या मजुरांना विकल्या जाणाऱ्या गुडदाणीत आहे, असे सांगितले जाते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मावळात रोजगाराचे दोन अगदी वेगळे मार्ग शेजारी शेजारी उभे राहिले. पहिला तळेगाव दाभाड्याचा. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा अशी वर्गणी गोळा करण्याची कल्पना लढवली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. परदेशात काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे कारागीर घडवू लागले. नफ्यापेक्षा कसब शिकवणे हा या कारखान्याचा मुख्य हेतू होता. तिथे शिकलेली माणसे पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली. भांडवल लोकांचे, जमीन थोडी आणि शिकून बाहेर पडणारा माणूस हेच उत्पादन.

दुसरा मार्ग टाटांचा. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाऐवजी वीज पुरवण्यासाठी लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडवायचे आणि ते कोकणात खाली सोडायचे, अशी ही योजना. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली, फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यात कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. वळवण, शिरवता आणि लोणावळा हे जलाशय त्याच योजनेचे. पाठोपाठ आंद्रेच्या खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले. वीज आणि नोकऱ्या मुंबईत गेल्या; मावळात पाणी साठले आणि भातखाचरे बुडाली.

यावरचा उघड राजकीय वाद मात्र शेजारच्या मुळशी पेट्यात पेटला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या तिथल्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि वि. म. भुस्कुटे हे त्याचे पुढारी, आणि घोषणा ‘जान किंवा जमीन’. धरणाच्या बाजूचे म्हणणे असे की वीज आली की गिरण्या चालतील, कोळसा वाचेल, हजारो हातांना काम मिळेल. सत्याग्रहींचे म्हणणे असे की मुंबईच्या मजुराच्या कामासाठी मुळशीच्या कुळाने घर सोडू नये. तिसरी बाजू कमी बोलली जाते: खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात होत्या, आणि चांगली भरपाई मिळाली तर त्यांना जमीन देण्यात अडचण नव्हती. जमिनीचा मालक, जमीन कसणारा आणि जमीन मागणारा यांची गणिते वेगळी असतात, हे मुळशीत दिसले. मावळच्या पुढच्या सगळ्या निवडणुकांत हेच त्रिकूट वेगवेगळ्या नावांनी येत राहिले.

स्वातंत्र्यानंतरच्या मावळच्या राजकारणातले सर्वांत ठळक नाव कृष्णराव भेगडे यांचे. १९७२ मध्ये ते जनसंघाकडून आमदार झाले आणि १९७८ मध्ये काँग्रेसकडून. शाळा-महाविद्यालये काढणे आणि तळेगावला औद्योगिक क्षेत्र आणणे ही दोन कामे त्यांच्या नावाशी जोडली जातात. मावळात पक्षांतर आणि आर्थिक भूमिका यांचा संबंध किती कमी असतो, याचे हे पहिले मोठे उदाहरण मानता येईल: चिन्ह बदलले, कार्यक्रम तोच राहिला. १९९५ पासून २०१९ पर्यंत मात्र मतदारसंघ सलग भाजपकडे होता. रूपलेखा ढोरे, दिगंबर भेगडे आणि मग संजय ऊर्फ बाळा भेगडे असे आमदार झाले. राज्यात बहुतेक काळ काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार आणि मावळात भाजपचा आमदार, अशी ही रचना होती. त्यामुळे इथल्या विरोधी आमदाराला औद्योगिक विकासाचे श्रेय घेण्याऐवजी त्याची किंमत मोजणाऱ्यांचे वकीलपत्र घेणे अधिक सोयीचे होते.

ही किंमत सातबाऱ्यावर लिहिलेली असते. औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६१ च्या कायद्याप्रमाणे क्षेत्र अधिसूचित झाले की पुढे शेतकऱ्याला कलम ३२(२) ची नोटीस येते आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तशी नोंद होते. गावात याला ‘शिक्का पडला’ म्हणतात. शिक्का पडलेली जमीन विकता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळवताना अडते, आणि संपादन प्रत्यक्षात कधी होईल हे कोणी सांगत नाही. तळेगाव औद्योगिक क्षेत्राचे टप्पे आंबी, नवलाख उंबरे, मंगरूळ अशा गावांतून पुढे सरकत गेले. त्यामुळे ‘शिक्के उठवू’ असे म्हणणारा उमेदवार आणि ‘भाव वाढवून देऊ’ असे म्हणणारा उमेदवार एकाच गावात वेगवेगळ्या घरांना पटतो. ज्याच्याकडे दोन एकर भातखाचर आहे त्याला पहिला हवा असतो. ज्याने रस्त्यालगतची जमीन आधीच गुंठेवारीने विकली, त्याला दुसरा. गुंठामंत्री ही थट्टेची पदवी याच पट्ट्यातली.

पाण्याचा प्रश्न ९ ऑगस्ट २०११ रोजी रस्त्यावर आला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. आंदोलनात भाजप आणि शिवसेना पुढे होते, सत्तेत काँग्रेस-राष्ट्रवादी. शहरी उमेदवाराच्या दृष्टीने ही जलवाहिनी म्हणजे वाढत्या उद्योगनगरीची गरज; मावळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नदीत वाहणारे पाणी पाइपात गेले की काठावरचे उपसा सिंचन संपले. त्यातच पवना धरणग्रस्तांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडलेले होते. योजनेला स्थगिती मिळाली. २०२३ मध्ये शिवसेना आणि भाजपचा समावेश असलेल्या सरकारने ती उठवली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत सर्वच पक्षांचे स्थानिक पुढारी दिसले. पक्षाची भूमिका मुंबईत ठरते, पण पवनेच्या काठावर उमेदवाराला नदीच्या बाजूनेच बोलावे लागते.

२००८ च्या पुनर्रचनेत मावळ हा लोकसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला, आणि ही ओढाताण एकाच मतपत्रिकेवर आली. पिंपरी आणि चिंचवडची कारखानदारी, मावळची शेती, घाटाखाली कर्जत, पनवेल आणि उरण, असे हे विचित्र कडबोळे. २००९ मध्ये शिवसेनेचे गजानन बाबर आणि २०१४ मध्ये श्रीरंग बारणे निवडून आले. २०१९ मध्ये राष्ट्रवादीने पार्थ पवार यांना उभे केले. बारणे यांच्या बाजूने स्थानिक विरुद्ध बाहेरचा ही मांडणी झाली आणि बऊरचा गोळीबारही प्रचारात परत आला. बारणे दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले.

गेटचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा. राज्य सरकारच्या १९६८ च्या आणि नंतर २००८ च्या निर्णयानुसार उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के आणि इतर पदांवर ८० टक्के स्थानिक नेमणे अपेक्षित आहे. पण या निर्णयात स्थानिक म्हणजे १५ वर्षे महाराष्ट्रात राहणारा. लातूरचा किंवा बुलढाण्याचा तरुण त्यात बसतो; नवलाख उंबऱ्याच्या ज्या कुटुंबाची जमीन गेली, त्याला वेगळा हक्क मिळत नाही. सभेत ‘८० टक्के स्थानिक’ म्हणणारा उमेदवार आणि ते ऐकणारा गावकरी यांच्या मनात दोन वेगळी माणसे असतात, आणि हा घोळ दोघांनाही सोयीचा आहे. शिवाय कायम नोकऱ्या कमी आणि कंत्राटी कामगार जास्त, त्यामुळे खरी चढाओढ मनुष्यबळ पुरवणे, वाहतूक, कँटीन आणि भंगाराच्या ठेक्यांसाठी होते. कोणत्याही जाहीरनाम्यात हा भाग नसतो.

जनरल मोटर्सची गोष्ट या गेटपाशीच घडते. तळेगावच्या कारखान्यात २००८ मध्ये उत्पादन सुरू झाले. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले, निर्यात चालू ठेवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला कारखाना विकण्याचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला होता. तो २०२२ मध्ये मोडला. कारखाना बंद पडायच्या आधीच, ऑक्टोबर २०१९ मध्ये, एक लक्षणीय निकाल लागला. त्या वर्षी जूनमध्ये राज्यमंत्री झालेल्या बाळा भेगडे यांच्याकडे कामगार खाते होते. भाजपची उमेदवारी न मिळाल्याने राष्ट्रवादीत गेलेल्या सुनील शेळके यांनी त्यांचा सुमारे ९४ हजार मतांनी पराभव केला. औद्योगिक तालुक्यातला कामगार राज्यमंत्री त्याच तालुक्यात पडला. अर्थात एवढ्या मोठ्या फरकामागे धोरणापेक्षा व्यक्तिगत संपर्क आणि स्वपक्षातली नाराजी यांचा वाटा अधिक होता. दोघांच्या आर्थिक कार्यक्रमांत सांगण्याजोगा फरक नव्हता.

राज्याच्या पातळीवर मात्र रोजगारावरचा पक्षांचा वाद सप्टेंबर २०२२ मध्ये उघड झाला. वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटी रुपयांचा अर्धसंवाहक प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. १३ सप्टेंबरला सामंजस्य करार झाला तो गुजरात सरकारशी. एक लाख रोजगार गेले, असा आरोप करत आदित्य ठाकरे यांनी मावळात जनआक्रोश मोर्चा काढला. एकनाथ शिंदे सरकारचे उत्तर असे की आधीच्या सरकारने सवलतींचा निर्णय वेळेत घेतला नाही. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत होत्या: आकडे खरे आहेत. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन भागीदारीतून बाहेर पडले, आणि ज्या नोकऱ्यांवरून भांडण झाले त्या गुजरातलाही मिळाल्या नाहीत.

लोणावळ्याचे गणित यापेक्षा वेगळे. तिथे कारखाना कोणी मागत नाही. हॉटेले, चिक्कीची दुकाने, बंगल्यांची राखण, टॅक्सी आणि पावसाळ्यातले भुट्टे-भजीचे गाडे यांवर शहर चालते. द्रुतगती मार्गामुळे मुंबईची गर्दी वाढली, आणि तिच्याबरोबर भुशी धरणावरची कोंडी आणि अपघातही. उमेदवारांना इथे विचारले जाते ते लोकल गाड्यांबद्दल. १९७८ मध्ये सुरू झालेली पुणे-लोणावळा लोकल ही खालच्या पट्ट्यात कामाला जाणाऱ्यांची जीवनवाहिनी आहे; दुपारच्या फेऱ्या आणि तिसरी-चौथी मार्गिका हे विषय प्रत्येक लोकसभा निवडणुकीत येतात. घाटमाथ्यावर काचेचा पूल उभारण्याची योजना सुनील शेळके यांनी लावून धरली. अशा प्रकल्पाने शनिवार-रविवारची गर्दी वाढेल हे खरे; आठवड्याच्या मधल्या दिवसांत काम कसे निर्माण होणार, याचे उत्तर कोणत्याच बाजूकडून नीट आलेले नाही.

२०२४ च्या लोकसभेत बारणे यांच्यासमोर उद्धव ठाकरे गटाचे संजोग वाघेरे उभे होते, म्हणजे जुन्या एका शिवसेनेचे दोन तुकडे. एका बाजूच्या प्रचारात अटल सेतू, नवी मुंबईचा विमानतळ आणि केंद्राची मोठी कामे होती. दुसऱ्या बाजूच्या पक्षाचा भर गुजरातला गेलेल्या उद्योगांवर. बारणे यांचे मताधिक्य ९६ हजारांवर आले. तळेगावसाठी त्याआधीच ह्युंदाईने जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये केला होता, त्यामुळे ‘उद्योग गेला’ आणि ‘उद्योग आला’ ही दोन्ही वाक्ये एकाच औद्योगिक क्षेत्राकडे बोट दाखवून म्हणता येत होती.

त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत राज्यभर महायुती आणि महाविकास आघाडी यांचे आर्थिक कार्यक्रम समोरासमोर होते. महायुतीने लाडक्या बहिणींना महिना २,१०० रुपये आणि २५ लाख रोजगार सांगितले. आघाडीने महिलांना ३,००० रुपये आणि बेरोजगार तरुणांना ४,००० रुपयांपर्यंत भत्ता. मावळात मात्र ही तुलना मतदाराच्या हाती आलीच नाही. आघाडीने उमेदवार दिला नाही. राष्ट्रवादीतून बंडखोरी केलेले बापू भेगडे अपक्ष उभे राहिले आणि त्यांच्यामागे आघाडीतले पक्ष आणि बाळा भेगडे यांच्यासह भाजपचे स्थानिक नेते एकत्र आले. एकीकडे आमदाराने आणलेल्या निधीची यादी, दुसरीकडे त्या आमदाराविरुद्धची सर्वपक्षीय मोट, अशी ती लढत झाली. महायुतीचे सुनील शेळके एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले.