धुराने केलेली जाहिरातही जाहिरातच!

रोडपालीजवळच्या पनवेलला औषधनिर्मितीची जुनी परंपरा आहे. तेथे १८७२ साली धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांमुळे देशभर औषध बाटलीत बसून दूरदूरच्या गावी पोहोचू लागले. पूर्वी वैद्य नाडी पाहून औषध देई. आता रोगी वर्तमानपत्र वाचून स्वतःच औषध निवडू लागला. दावा खरा की खोटा, हे पाहणारा मध्ये कोणी उरला नाही.

ही उणीव भरण्यासाठी संसदेने १९५४ साली ‘औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ केला. त्यात जाहिरातीची व्याख्या फार व्यापक आहे. पत्रक, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकेच काय, प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साहाय्याने दिलेला संदेशही जाहिरातच! मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू अशा रोगांवर औषध असल्याची जाहिरात लोकांपुढे करण्यास हा कायदा मनाई करतो. रोग बरा करणारे ताईत, मंत्र, कवच यांच्या जाहिरातींनाही मनाई आहे.

या कायद्याला ‘हमदर्द दवाखाना’ने आव्हान दिले. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी जाहिरात हा व्यापार आहे. तिला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. मात्र कोणताही निकष न सांगता यादीत नवे रोग घालण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने रद्द केला. म्हणून १९६३ साली निकष कायद्यातच लिहिला गेला : ज्यांवर वेळीच डॉक्टर-वैद्यांच्या सल्ल्याने उपचार व्हायला हवेत, किंवा ज्यांवर सर्वमान्य उपाय नाही, असेच रोग यादीत घालायचे, आणि तेही तज्ज्ञांना विचारून.

पुढे मुंबईतील दूरध्वनी ग्राहकांच्या ‘पिवळ्या पानां’वरून वाद झाला. त्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्य असल्याचे मान्य केले. पण फसव्या जाहिरातीवरील बंधने योग्यच ठरवली. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. त्याच्या आधारे औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवरील चमत्कारी ‘यंत्रां’च्या जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या.

या इतिहासातून आपल्याला काय दिसते? दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, हे जसे खरे. तसेच बंदी घालणाऱ्याने निकष सांगावा, हेही खरे. दोन्ही अपेक्षा विज्ञानाच्याच आहेत.

उंची वाढवण्याच्या औषधांच्या जाहिराती आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. १९५४ च्या कायद्याच्या यादीत ‘व्यक्तीची उंची’ हीही नोंद आहे, हे त्यांना जरूर सांगावे. मग अशी एखादी जाहिरात वर्गात आणून विचारावे : यातला दावा तपासायचा, तर आपण काय मोजू, किती दिवस मोजू आणि कोणाशी तुलना करू?