ओवी कोणाची, अक्षर कोणाचे?

प्रवरेच्या काठचे नेवासे हे आमच्या जिल्ह्यातले गाव. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पण नेवाशाची कीर्ती या दोन्ही नावांहून जुनी. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, येथल्या एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, अशी आपली परंपरा सांगते. तो खांब आजही लोक श्रद्धेने पाहायला जातात. मला मात्र त्या पोथीची पुढची हकिगत अधिक ओढ लावते. एका गावी लिहिलेली ती पोथी महाराष्ट्रभर पोचली कशी?

नकला होऊन पोचली, एवढेच त्याचे उत्तर. ज्याला हवी त्याने बोरू घ्यावा, शाई घोटावी आणि समोर पोथी ठेवून दुसरी लिहावी. कोणाची परवानगी नाही, कोणाला शुल्क नाही. परंतु नकलेमागून अपपाठही आले. कोणी शब्द बदलला, कोणी पदरची ओवी घुसडली. तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि यात आपली ओवी कोणी मिसळू नये अशी ताकीद दिली. नाथांनी नक्कल करणे बंद केले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी बंदी घातली ती दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याला. या भेदाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

पुढे छापखाना आला. नगरहून १८४२ साली अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केला. मुंबईत याच मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. शिशाचे खिळे मालकाच्या मालकीचे असत हे खरे. पण छापलेला कागद एकदा घरी आला की तो वाचायला मालकाला विचारावे लागत नसे. शंभर वर्षांपूर्वीचे पंचांग माळ्यावर सापडले तर आजही ते झटकून वाचता येते.

वाचकहो, संगणक आला आणि प्रथमच असे घडले की, आपण लिहिलेले आपल्यालाच वाचता येईना! कारण सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. इंग्रजी अक्षरांचे आकडे ठरलेले होते. मराठी छपाईची सोय करणाऱ्या अनेक कंपन्यांनी युक्ती केली, की त्याच आकड्यांवर मराठी वळणे बसवायची. आत इंग्रजी, वर मराठी मुखवटा! बरे, प्रत्येकाचा मुखवटा निराळा. एकाच्या घरी ज्या आकड्याला ‘क’ म्हणावे, त्यालाच दुसऱ्याच्या घरी ‘भ’ म्हणत. मुखवटा, म्हणजे त्या कंपनीचा फाँट, जवळ नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा.

हा चिवडा मी चाखला आहे. माझी एक कादंबरी वीसेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानात जुळवून घेतली होती. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा ते दुकान बंद पडले होते, फाँट विकत मिळत नव्हता, आणि माझी नायिका तीनशे पृष्ठे अगम्य इंग्रजीत विलाप करीत होती. नेवाशाची ओवी सात शतके टिकली; माझे गद्य वीस वर्षेही टिकेना. यात गुणांचा फरक आहेच, तो मी मान्य करतो. पण कुलपाचाही आहे.

या कुलपावर उपाय दोन बाजूंनी झाला. एक बाजू आकड्यांची. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. तिने भारतीय लिप्यांसाठी संगणकाची सोय केली. भारतीय लिप्यांचे एक प्रमाण कोष्टकही ठरले. त्याच पायावर १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक कोष्टकात देवनागरी दाखल झाली. तेव्हापासून ‘क’चा आकडा २३२५; नगरात तोच आणि न्यूयॉर्कातही तोच.

दुसरी बाजू मालकीची. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक संगणकतज्ज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेतला छपाईयंत्राचा कागद वरचेवर अडके. यंत्राची आज्ञावली हाती असती तर त्यांनी ती सुधारली असती. पण ती देण्यास नकार मिळाला. आज्ञावलीचा मूळ मजकूर न देता चालता प्रोग्रॅम तेवढा विकणे म्हणजे चकलीची तयार भाजणी देणे, पण प्रमाण न सांगणे. एवढेच नव्हे, शेजारणीला वाटीभर द्याल तर गुन्हा! स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. वापरा, आतून पाहा, सुधारा, वाटा. मात्र पुढच्यालाही हीच मोकळीक द्या, असा त्यांचा करार. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि लवकरच तोही याच करारावर खुला केला.

या मोकळिकीत अक्षरांची वळणेही आली. रेड हॅट कंपनीने २००४ पासून ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांच्या फाँटांची मालिका मुक्त केली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या मंडळींनी ‘मुक्ता’ घडवला. असे फाँट बहुधा ज्या ओपन फाँट परवान्याखाली दिले जातात, त्यात एक मौजेचे कलम आहे: वळण खुशाल बदला, वाटा, परंतु मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल, तर ते बदललेल्या वळणाला देऊ नका. नाथांनी बदल मुळीच चालवून घेतला नसता, हा फरक आहेच. तथापि नक्कल मोकळी असावी आणि नाव खरे असावे, ही चिंता दोन्हीकडे एकच!

माझी नायिका अखेर सुटली. एका जुन्या विद्यार्थ्याने फुकट मिळणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमने तिचे आकडे युनिकोडात पालटून दिले. त्याचा संगणक म्हणजे कोणीतरी टाकून दिलेले खोके. त्यावर हलके लिनक्स आणि साधा मजकूर लिहिण्याची सोय, बाकी भपका शून्य. तो म्हणाला, “सर, लिहायला एवढं पुरतं.” पुरतेच. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या आसपासच्या ओव्या साध्या मजकुरात ठेवल्या, तर माझ्या अदमासाने दोन मेगाबाइटांच्या आतबाहेर बसतात. मोबाईलने काढलेला करंज्यांच्या ताटाचा एक फोटोही पुष्कळदा याहून जड भरतो.

ओवीचा विषय निघाला आहे तर आणखी एक. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आज कोणालाही विनामूल्य वाचता, ऐकता येतात. जात्यावर बसून ओवी म्हणणाऱ्या बाईने ती कधी आपल्या मालकीची मानली नाही. म्हणूनच ती सुनेला मिळाली, लेकीला मिळाली, आणि लेकीबरोबर दुसऱ्या गावी गेली.

तुमच्या घरीही असे काही असेल: आजीच्या ओव्या, वडिलांची टिपणे, भाजणीचे प्रमाण. या सुट्टीत मुलांना बसवून ते युनिकोडात, साध्या मजकुरात उतरून घ्या, आणि चार नातलगांना चार प्रती द्या. कर्त्याचे नाव तेवढे खरे लिहा. जे एका घरी राहते ते एका वाळवीला पुरते. जे चार घरी जाते ते टिकते.