भात : पूरसहिष्णुता आणि खताची वेळ (कोल्हापूर जिल्हा)

कोल्हापूरच्या पश्चिमेकडील राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा या तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक. डोंगरउताराच्या खाचरांतून पाणी वाहून जाते. पिकाला धोका असतो तो नदीकाठच्या सखल रानांत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्याने पंचगंगा फुगते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी.

अडचण वेळेची आहे. जुलैच्या आरंभी लावण झाली की फुटवे येतानाचा युरियाचा हप्ता जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो. 2019चा महापूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला, 2021चा जुलैच्या चौथ्या आठवड्यातला. पुराच्या तोंडावर टाकलेला युरिया वाहून तर जातोच, पण खरे नुकसान पिकाच्या आत होते. नत्राने तरारलेले रोप पाण्याखाली उंच वाढू पाहते. गढूळ पाण्यात उजेड नसल्याने नवे अन्न तयार होत नाही, साठवलेले पिष्ट त्या वाढीत संपते आणि पाणी उतरताच रोप आडवे होते. म्हणून पावसाचा जोर आणि धरणांतला विसर्ग वाढत असेल तर हा हप्ता रोखणेच शहाणपणाचे. स्फुरद मात्र चिखलणीच्या वेळीच द्यावे.

ओडिशातील ‘एफआर 13 ए’ या भातातल्या ‘सब-1ए’ जनुकामुळे बुडालेले रोप वाढ थांबवून साठा राखून ठेवते. या जनुकाची ओळख 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. ते घातलेला ‘स्वर्णा सब-1’ भारतात 2009 मध्ये प्रसारित झाला. तो सुमारे दोन आठवडे बुडून राहिला तरी सावरतो. पण हे वाण उशिरा पिकणारे. आजऱ्याच्या घनसाळसारख्या सुवासिक भाताची जागा ते घेऊ शकत नाही.

पाणी ओसरल्यावर लगेच खत फेकू नये. आधी चूड हातात धरून पाहावी : बुंधा घट्ट लागला आणि पोंग्यातून नवे हिरवे पान डोकावत असेल तर पीक जिवंत आहे. बुंधा मऊ पडून कुजका वास आला तर ती चूड गेली. तिच्या जागी शिल्लक तरव्यातली रोपे किंवा दाट चुडांतले फुटवे लावून नांगे भरतात. साधारण आठवड्याने, नवी पाने दिसू लागल्यावर, खाचरातले जादा पाणी काढून राखलेला युरिया द्यावा.