रक्तातली नोंद

गावात तापाची साथ येऊन गेली, की आपण विचारतो, किती जण आजारी पडले? डासांनी आणि गोचिडींनी पसरवलेल्या विषाणूंच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा अपुरे असते. कारण पुष्कळांना नुसती कणकण येते, कित्येकांना तीही येत नाही. रक्तात मात्र विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि ती वर्षानुवर्षे टिकतात.

पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले, तेव्हा स्मिथबर्न, कर आणि गटणे यांनी हीच नोंद वाचायला घेतली. पद्धत साधी, पण चिकाटीची. माणसाचे रक्तजल विषाणूत मिसळायचे आणि ते उंदरांना टोचायचे. उंदीर जगले, तर त्या माणसाची विषाणूशी गाठ पूर्वीच पडलेली! १९५४ साली निष्कर्ष छापून आले. झिकासाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तात खूण सापडली. आपल्याकडे झिकाचे रुग्ण जाहीर झाले ते २०१७ साली. तुम्ही म्हणाल, म्हणजे झिका तेव्हापासून इथे होता? जरा थांबा. डेंग्यू त्याचाच चुलतभाऊ, आणि रक्त कधीकधी भावाभावांत गल्लत करते.

गोचिडीची गोष्टही तशीच. शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली, तेव्हा क्यासनूरचा विषाणू हाती लागला. पण त्याच्या रशियातील भाईबंदाशी जुळणाऱ्या खुणा १९५२ च्या तपासणीतच, दूर सौराष्ट्रातल्या काही लोकांत दिसल्या होत्या.

आता अलीकडचे पाहा. २०१७-१८ साली १५ राज्यांतल्या पाच ते पंचेचाळीस वर्षांच्या सुमारे १२,३०० लोकांचे रक्त तपासले. शेकडा ४८.७ जणांना डेंग्यू होऊन गेलेला! सरकारदरबारी २०१७ सालचे रुग्ण मात्र १ लाख ८८ हजारांच्या आसपास. एक आकडा आयुष्यभराचा, दुसरा एका वर्षाचा, हे खरे. तरी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही.

ही मोजदाद हौसेची नव्हे, बरं का. फिलिपाइन्समध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना डेंग्यूची लस सरसकट टोचू लागले. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालाच नव्हता, अशा मुलांत पुढचा आजार तीव्र होण्याचा धोका त्या लसीने वाढतो, हे २०१७ च्या नोव्हेंबरात उघड झाले. मोहीम थांबवावी लागली. त्यानंतर ती लस द्यायची, तर आधी त्या मुलाचे रक्त तपासावे, असे ठरले.