रेफर केलं, पुढे काय?

महाडला नोंदी ठेवण्याची परंपरा आहे. 1976 मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, घाम, रक्तदाब टिपत राहिले. 1982 मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली, पुढे प्राझोसिन या औषधाने कितीतरी मुलं वाचली. तिथे निकाल एक-दोन दिवसांत लागायचा. या पुस्तकातल्या मुलांचा हिशेब वर्षानुवर्षं चालतो. सेरेब्रल पाल्सी, सोबत फिट्स, घास गिळायला त्रास. म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, फिजिओथेरपी, दिव्यांग प्रमाणपत्र, शाळा, सगळंच आलं. या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ किती बसतो, हे मोजणारं शास्त्र अजून तरुण आहे.

डोनाबेडियन यांनी 1966 साली आरोग्यसेवेचा दर्जा पाहायच्या तीन जागा सांगितल्या: रचना, प्रक्रिया, परिणाम. आपली मजल बहुधा पहिलीपर्यंतच जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. सोय मोलाचीच. पण ‘रेफर केले’ हा रकाना भरला की कागद समाधानी होतो. पोलादपूरहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब. मूल पोचलं का? तिथे काय ठरलं, ते आशाताईंना कोणी सांगितलं का?

सांगते ती आई, दुकानाच्या पिशवीतून. घड्या पडलेले केसपेपर, एमआरआयची फिल्म, फिटच्या गोळ्यांचा रिकामा पट्टा. नाव वाचता येत नाही म्हणून पट्टाच जपलेला. जुलै 2021 च्या पुरासारख्या पुरात ती पिशवी गेली, की आजार पहिल्यापासून सांगणं आलं. माझ्या मते तोच आपला पहिला निकष असावा: एकच हकिकत किती वेळा सांगावी लागते?

सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी पालकांनाच विचारून मोजायचे वीस निकष तयार केले, ‘एफईसीसी’ नावाने. काळजीची सांगड घालणारं ठरलेलं माणूस आहे का, हा त्यांतला कळीचा प्रश्न. इथे उत्तर ‘नाही’ येईल, आणि ते अर्धवट असेल. कारण मुंबईतली वाडिया आणि केईएम रुग्णालयं परळला, गिरणगावात. त्याच भागात कोकणातल्या चाकरमान्यांच्या खोल्या. पहाटे नंबर लावणारा काका हाच आपला समन्वयक (बिनपगारी, अर्थात). तो विरारला राहायला गेला की उपचार अडतात. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला तर असा काकाही नसतो. अंगणवाडीच्या वहीत ते मूल ‘गैरहजर’.

आशाताई, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, समाजकार्याचे विद्यार्थी, सगळ्यांनी या पुस्तकाकडे यावं. आकडेमोडीची धास्ती असेल तर तिसरं प्रकरण खुशाल सोडा आणि चौथ्यापासून सुरुवात करा. त्यात आयांना विचारायचे प्रश्न आहेत. ते महाडच्या बोलीत नीट बसत नसतील, तर बदला आणि आम्हाला कळवा.